हुशारी मोजायची कशाने?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आपल्याला आता नवी राहिलेली नाही. अभिमान आहेच. पण त्याच निकालाचे तीन आकडे सांगतो. राज्याचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता. 2019 साली भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, निकाल 95.30. मुलं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं कोणी म्हणेल काय? मोजायचं माप बदललं, एवढंच.

तोंडी परीक्षेत बोलायचं असतं, आणि बोलण्याची बुद्धी आपल्या मुलखाला नवी नाही. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथानक ठरलेलं, बाकी सगळं नट उभ्या उभ्या रचतो. त्या नटाची नक्कल करत अर्धा तास न थांबता बोलणारी पोरं मी पाहिली आहेत. निबंधात त्यांना दहापैकी चार मिळतात, आणि घरी आई म्हणते, "झिलाक काय येणा नाय."

पिरावाडीच्या किनाऱ्यावर जा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ येते, हे जुनी माणसं सांगतात. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. उधाण कधी, भांग कधी, हे पोरांना होडीजवळ उभं राहून कळतं. तोच पाऊण वहीत तीन छेद चार झाला की अडतो. आता यात गणित कुणाचं कच्चं, पोराचं की शिकवणाऱ्यांचं, ते तुम्हीच ठरवा.

अमेरिकेतले हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 साली मांडलं, की बुद्धी एक नसते, सात प्रकारच्या असतात. शब्दांची, गणिताची, अवकाशाची, संगीताची, शरीराची, दुसऱ्याला ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. पुढे निसर्ग ओळखण्याची आठवी त्यांनी जोडली. बऱ्याच मानसशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही आणि त्यांचे आक्षेप वाजवी आहेत. तरी शिक्षकांना हा विचार जवळचा वाटला, कारण वर्गात रोज तेच दिसतं. मात्र इथे एक सावध करतो. बोटांचे ठसे घेऊन 'तुमच्या मुलात अमुक बुद्धी आहे' असं सांगणारे लोक हल्ली फिरतात आणि हजारो रुपये घेतात. त्याला शास्त्रीय आधार नाही. पैसे वाचवा.

यासाठी परदेशात बघायचीही गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी ती. पुढे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, तर शिक्षक कुरणात गेले. तिला नाव दिलं कुरणशाळा. शिकवायचं साहित्य म्हणजे बिया, खडे, शिंपले, पानं. गुरं राखणाऱ्या मुलाला झाडं-पाखरं ओळखता येतात, तर मोजणी आणि अक्षरं तिथूनच सुरू करायची. मुलाला जे येतं तिथून आरंभ, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आपल्या शाळांत हे कागदावर आहे. 2010 च्या शासननिर्णयाने आकारिक मूल्यमापन आलं. त्यात रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, कृती, प्रकल्प असं सगळं धरलंय. पहिली-दुसरीत याला 70 टक्के भार, लेखी-तोंडी संकलित परीक्षेला 30. पुढे हा भार घटत जातो. सातवी-आठवीत आकारिक 40 आणि संकलित 60. मूल मोठं होऊन ज्या वयात हाताने काहीतरी खरंखुरं करू शकतं, नेमकी त्याच वयात जागा आकसते. आणि उरलेल्या जागेत काय भरतो आपण? प्रकल्प बाबा करतात, सजावट आई करते, आणि गुण झिलाक! शिक्षकांकडे नोंदी भरायची रजिस्टरं एवढी, की मुलाकडे बघायला वेळ कुठला. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण पालकसभेत आपणही 'किती पडले' एवढंच विचारतो. 'त्याला काय चांगलं जमतं, तुम्ही काय पाहिलंत' असं विचारून बघा. विचारणारे पालक असले की शिक्षकही बघायला लागतात.

आपल्या गावपळणीत तीन दिवस, तीन रात्री सगळं गाव वेशीबाहेर असतं. झोपडी कुठे घालायची, पाणी कुठून आणायचं, आजीला कुठे झोपवायचं, या गोष्टी कोण पोरं धावून करतात ते आठवा. गुणपत्रिकेत त्यांचा नंबर कितवा होता, तेही आठवा.

कार्यकारिणीला एक सुचवतो. सोसायटीच्या गुणगौरवात आपण दहावी-बारावीच्या टक्क्यांनाच बक्षीस देतो. ते चालू ठेवा. पण मे महिन्यात, चाकरमानी मंडळी गावात असताना, एक संध्याकाळ मुलांना मोकळी द्या. कोणी जाळं विणून दाखवील, कोणी सायकल खोलून जोडील, कोणी दशावतारातला राक्षस होईल. बक्षीस नको, नंबर तर मुळीच नको. चहा आणि खाजं माझ्याकडून. नावं दिवाळीपर्यंत सचिवांकडे द्यावीत.