कोणते घड्याळ विकावे?

(मंडळाच्या मार्गशीर्ष महिन्यातील बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत घरातल्या अडगळीचा विषय निघाला, तेव्हा मी आमच्या घड्याळांबद्दल दोन वाक्ये बोलून गेले. चिटणीसबाईंनी तिथल्या तिथे माझे नाव लिहून घेतले. मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. स्वयंपाकघरात बोलते तसेच इथे बोलेन. सांभाळून घ्या.

आमच्या ह्यांना चावीच्या घड्याळांचा नाद आहे. नाद वाईट नव्हे. विडी नाही, पत्ते नाहीत. सुट्टी पडली की चोरबाजारात एक चक्कर, एवढेच. पण चाळीतल्या एका खोलीत दहा घड्याळे झाली. मनगटे दोन, आणि त्यांतले घड्याळाचे एकच! माझे आईकडचे ‘सुजाता’ मी यात धरलेले नाही. ते माझे आहे आणि त्याची चर्चा आमच्या घरी होत नाही.

या पावसाळ्याच्या तोंडाशी ह्यांनी अकरावे घड्याळ काढले. फेवर ल्यूबा कंपनीचे ‘सी किंग’. ही स्वित्झर्लंडची फार जुनी पेढी, १७३७ सालची. १८६५ पासून तिचा हिंदुस्थानाशी व्यापार. आपल्या वडीलमंडळींना हे नाव चांगले ठाऊक होते. आमच्या ओळखीच्या घड्याळवाल्या मिस्त्रींकडे एक आले होते आणि ते सोळा हजार सांगत होते. मी म्हटले, “घरखर्चातला एक पैसा मिळायचा नाही. असलेली विका आणि घ्या.” हे ‘बरं’ म्हणाले. पण बरं म्हणणे सोपे असते.

हेच घड्याळ का, ते सांगितले पाहिजे. माझे सासरे गिरणीत साचेखात्यात होते. एका बोनसात त्यांनी ‘सी किंग’ घेतले होते. १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला. मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. इथे बसलेल्या निम्म्या घरांनी तो संप सोसला आहे, मी नव्याने काय सांगू? सासूबाई सांगतात, पहिल्यांदा त्यांच्या पाटल्या गेल्या. मग हंडा आणि घंगाळ. मग कानातले. घड्याळ सर्वांत शेवटी गेले. बाईचेच आधी का, असे मी एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या, “सोन्याला वजन असतं गं. काट्यावर टाकलं की पैसे हातात. घड्याळाला गिऱ्हाईक शोधावं लागतं.” हे तेव्हा सात वर्षांचे होते. रात्री वडिलांच्या हातावर डोके ठेवून ती टिकटिक ऐकायचे. म्हणून हा हट्ट.

आता विकायचे कोणते? ह्यांनी कागदावर यादी केली. विकायच्या यादीत पहिले नाव कोणाचे, तर लग्नात माझ्या वडिलांनी दिलेल्या टायटनचे! म्हणे, सेलवर चालणारे, त्याला कोण विचारतो. मी म्हटले, कोणी विचारत नसेल तर विकून मिळणार काय? त्यावर उत्तर नव्हते. दुसरे नाव सासऱ्यांच्या ‘जनता’चे होते, कारण त्याची काच चरलेली आहे. आणि ठेवायच्या यादीत सर्वांत वर एच.एम.टी.चे काळ्या तबकडीचे ‘पायलट’. ते अस्सल, मूळ रंगाचे, डबीतून निघाल्यासारखे.

सोने मोडताना आपल्याला रीत ठाऊक असते. मजुरी बुडते, घट धरतात, उरलेल्याचा भाव ठरलेला. घड्याळाचे तसे नाही, हे मला मिस्त्रींनी समजावले. एच.एम.टी.ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगलोरला घड्याळे करायला सुरुवात केली. घरोघर ‘जनता’ गेले. सतरा माणकांचे, रोज सकाळी चावी द्यावी लागणारे. ‘कांचन’ लग्नात जावयाला देण्याची हौस होती. पुढे सेलच्या घड्याळांनी बाजार खाल्ला आणि २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळांची कंपनी बंद करण्याचे ठरवले. कंपनी बंद झाली आणि लोकांना जुन्या घड्याळांची आठवण झाली. मग जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवून विकण्याचा धंदा जोरात आला. लाल, हिरवी, निळी, कोणत्याही रंगाची. यंत्र खरे असते, पण तोंड रंगवलेले. भिंगातून पाहिले की कळते. अक्षरे जाड आणि ओबडधोबड असतात, मिनिटांच्या रेघा काट्याशी नीट जुळत नाहीत. आमच्या दहांपैकी चार अशी रंगवलेली निघाली. चारही मिळून एका अस्सल ‘पायलट’च्या निम्म्या किमतीची.

शिवाय पेटीत ठेवलेले घड्याळ फुकट राहत नाही. घातले नाही तरी आतले तेल सुकते. तीन-चार वर्षांनी उघडून साफ करावे लागते. आमचे मिस्त्री एकाचे सहाशे घेतात. दहांचा हिशेब तुम्हीच करा. मी केला आणि ह्यांना ऐकवला. ते म्हणाले, “हौसेला हिशेब लावू नये.” मी म्हटले, लावू नये, पण दळणाला लावतो तसा निदान मनात तरी धरावा.

वाद वाढू नये म्हणून मी एक युक्ती केली. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या खालीच, हे कामावर निघाले की त्या दिवशी कोणते घड्याळ हातात आहे त्याचे पहिले अक्षर लिहायचे. ह्यांना सांगितले नाही. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, असे ब्याण्णव दिवस लिहिले. मग एका रविवारी पाने उलटून दाखवली. सासऱ्यांचे ‘जनता’ ३८ दिवस. पातळ ‘सोना’ २१. मराठी आकड्यांचे दुसरे ‘जनता’ १७. माझ्या वडिलांचे टायटन ११, आणि ते अकराही दिवस मुसळधार पावसाचे! चावीच्या घड्याळात पाणी जाईल ही भीती, माझ्या वडिलांचे भिजले तरी चालेल. असो. ‘कांचन’ ३ दिवस. रंगवलेली चार, एकही दिवस नाही. आणि ते लाडके ‘पायलट’ फक्त २ दिवस.

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्यावर चरा पडेल म्हणून घालत नाही.” मी म्हटले, “मग ते घड्याळ नव्हे, देव्हाऱ्यातला टाक झाला.” ह्यांचे म्हणणे असे की कंपनी बंद झाली, असे पुन्हा मिळायचे नाही. ते खरेच आहे. माझे म्हणणे असे की सोळा हजार उभे करायचे तर मोठे एक गेल्याशिवाय भागणार नाही, आणि जे हातात चालते ते काढून पेटीत राहणारे ठेवायचे, हे मला पटत नाही. चार दिवस आमच्याकडे अबोला होता. पाचव्या दिवशी ह्यांनी आपणहून ‘पायलट’ फडक्याने पुसले आणि मुलाला फोनवर त्याचा फोटो काढायला सांगितले.

‘पायलट’ आठ हजारांना गेले. ‘कांचन’ बेचाळीसशेला. खरी कसोटी त्या चार रंगवलेल्यांची झाली. नाशिकच्या एका मुलाने लाल तबकडीचे फोटो पाहून विचारले, “काका, ओरिजिनल आहे ना?” ह्यांनी उत्तर लिहिले, “कंडिशन एकदम छान.” मी पोळ्या लाटत होते, पण मुलाने मोठ्याने वाचले. मी म्हटले, हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ह्यांनी सांगितले की बाजारात सगळे असेच लिहितात आणि खरे लिहिले तर एकाचे अठराशेऐवजी नऊशे येतील. ते मला कळत होते. चार नगांवर छत्तीसशेचा फरक, महिन्याचा किराणा त्यात येतो. पण तो मुलगा वडिलांच्या साठीला देण्यासाठी शोधत होता, असे त्याने स्वतःच लिहिले होते. शेवटी मी पिठाच्या हातांनी फोन घेतला आणि मुलाकडून लिहवले, “तबकडी नंतर रंगवलेली आहे. यंत्र मूळचे.” दोन दिवस काही उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने लाल आणि हिरवे अशी दोन मागितली, नऊशेच्या भावाने. म्हणाला, रंग आवडला. उरलेली दोन चाळीतच गेली, सांगूनसवरून, त्याच दराने.

पंधरा हजार आठशे झाले. दोनशे मिस्त्रींनी सोडले.

कार्तिकात ‘सी किंग’ घरी आले. तबकडी वयाने पिवळट झालेली, पण कोणी हात न लावलेली. ह्यांनी ते सासूबाईंच्या हातात दिले. त्यांना आता बारीक दिसत नाही. त्यांनी आधी कानाला लावले, मग पाठीवरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, “त्यांच्या घड्याळाला इथं खड्डा होता. हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे.” आणि थोड्या वेळाने विचारले, “त्यानं का विकलं असेल रे?”

ह्यांना काही बोलता आले नाही. मलाही नाही. सासूबाईंनीच मग चावी दिली, चार-पाच वळसे, अडेपर्यंत नाही, आणि ह्यांना जवळ बोलावून पट्टा स्वतः बांधला. पेटीत ठेवायचे नाही, असे बजावून सांगितले.

कालनिर्णयवर अक्षरे लिहिणे मी थांबवलेले नाही. आता ह्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे जाताना स्वतःच सांगतात. या महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत ‘फे’ अकरा वेळा आला आहे, ‘ज’ सहा वेळा, आणि परवा अवकाळी पाऊस आला तेव्हा ‘टा’. पेटीत पाच खण मोकळे झाले, त्यांत मी बटणे आणि शिवणाच्या सुया ठेवल्या आहेत.