किनाऱ्यावरची उंची: डहाणू-मसोलीचा प्रश्न

डहाणू शहर रेल्वेस्थानक आणि समुद्र यांच्या दरम्यानच्या सपाट पट्ट्यात वाढले. नगरपरिषदेच्या हद्दीतील मसोली ही त्याच वाढीतली वस्ती. चिकूच्या वाड्या, कौलारू बंगले, अधूनमधून दोन-तीन मजली चाळवजा इमारती आणि किनाऱ्यालगत सुरूची रांग, असे या भागाचे रूप बराच काळ टिकून होते. 16 एप्रिल 2013 रोजी चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. मुंबईत घर परवडत नाही आणि गावी परतायचे नाही, अशा कुटुंबांच्या हिशेबात डहाणू तेव्हापासून आले. शनिवार-रविवारपुरते समुद्राकाठचे घर हवे असणारेही आले. दोघांनाही पुरवठा करणारा बिल्डर एकच प्रश्न घेऊन नगरपरिषदेत जातो: किती मजले मिळतील?

या प्रश्नाचे एक उत्तर डहाणूत मिळत नाही, कारण उंची ठरवणारे कायदे एकाहून अधिक आहेत आणि ते वेगवेगळ्या हेतूंनी झाले. 1991 हे वर्ष त्यात महत्त्वाचे. 19 फेब्रुवारी 1991 रोजी केंद्राची सागरकिनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना निघाली. पुढे चारच महिन्यांनी, 20 जून 1991 रोजी, संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पहिली अधिसूचना भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत पाहते. दुसरी तालुका पाहते, उद्योगांसाठी कमाल 500 एकर मोजून देते, आणि प्रादेशिक आराखड्यात वाड्या, हिरवी क्षेत्रे व आदिवासी क्षेत्रे दाखवून त्यांचा जमीनवापर बदलू नये असे सांगते. तिसरा थर नगररचनेच्या स्थानिक नियमांचा. चौथा अनुसूचित क्षेत्राचा: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ नुसार आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. प्लॅन पास करताना या चारही थरांची उत्तरे एका कागदावर यावी लागतात, आणि बहुतेक तंटे ती तशी न आल्यामुळे उभे राहतात.

सीआरझेडच्या मूळ अधिसूचनेत एक आकडा ठसठशीत होता. तिसऱ्या वर्गात, म्हणजे ग्रामीण आणि फारशी बांधकामे नसलेल्या किनाऱ्यावर, भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही. 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात घर बांधता येईल, पण उंची 9 मीटरपेक्षा जास्त नाही आणि मजले दोनच. दुसऱ्या वर्गात, म्हणजे किनाऱ्यापर्यंत आधीच वसलेल्या शहरी भागात, उंचीचा असा आकडा नव्हता. तेथे अस्तित्वातील रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडील बाजूस बांधकामाला मुभा होती आणि चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, त्या तारखेच्या नियमांवर गोठवला होता. त्यामुळे एखादा सर्व्हे नंबर दुसऱ्या वर्गात पडतो की तिसऱ्या, यावर प्लॉटची किंमत ठरू लागली. निमशहरी किनाऱ्यावर हे ठरवणे सोपे नसते. नगरपरिषदेची हद्द आहे म्हणून वस्ती ‘विकसित’ म्हणायची, की वाड्या आहेत म्हणून ‘ग्रामीण’? 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने तिसऱ्या वर्गाचे आणखी दोन भाग केले. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2,161 हून अधिक लोक असलेल्या दाट वस्तीला ना-विकास पट्टा 200 ऐवजी 50 मीटरच राहिला. रेषा सरकली की वादही सरकतो; तो मिटत नाही.

नऊ मीटर म्हणजे नेमके किती, हाही प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. हॉटेल-रिसॉर्टच्या बाबतीत 1991 ची अधिसूचना छपराच्या सर्वांत उंच आढ्यापर्यंत मोजायला सांगते. नगररचनेच्या नियमांत मात्र पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचे टोपण हे उंचीतून वगळण्याचा रिवाज आहे. मोजणी कोठून सुरू करायची, याचे उत्तर ‘सभोवतालच्या जमिनीची सरासरी पातळी’ असे असते. भराव घालून प्लॉट आधीच एक-दीड मीटर उचलला असेल तर ती सरासरी कुणाची? शेजारच्या जुन्या घराच्या ओट्यावर पावसाचे पाणी येऊ लागते तेव्हा त्या घरमालकाला हे उत्तर कळते.

आढ्यापर्यंत मोजण्याच्या नियमाचा एक विचित्र परिणाम कोकणपट्टीवर झाला. दरसाल दीड मीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या डहाणूत उतरते कौलारू छप्पर हेच शहाणपणाचे. पण उतार नऊ मीटरांतून जागा खातो. म्हणून दोन मजले पुरे बसवायला सपाट स्लॅब टाकला जातो. दोन-चार पावसाळ्यांत स्लॅब गळतो, मग त्यावर लोखंडी कैच्या आणि पत्र्याची शेड चढते. शेडची परवानगी नसते, उंचीही मर्यादेबाहेर जाते, आणि पुढे तिला भिंती लागून तिसरा मजला तयार होतो. गावाचे रूप जपण्यासाठी केलेल्या नियमाने गावाचे छप्परच बदलले. नियम लिहिणाऱ्यांनी आढ्याऐवजी भिंतीच्या माथ्याशी, वळचणीशी, उंची मोजली असती तर हे टळण्यासारखे होते.

उंचीविरोधी भावना किनाऱ्यावर स्वाभाविक आहे, तरी तिची तपासणी करणे वास्तुविशारद-अभियंत्यांच्या व्यवसायाचे काम आहे. एक हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर एफएसआय एक असेल तर बांधकाम हजार चौरस मीटर. अर्धी जमीन झाकली तर दोन मजले होतात. पाचवा हिस्सा झाकला तर पाच. कागदावर पाच मजली इमारत आठशे चौरस मीटर जमीन मोकळी सोडते, आणि दुमजली बंगल्यांची ओळ त्यापेक्षा जास्त झाडे घेते. चिकूच्या बाबतीत हा हिशेब अगदी सरळ मांडता येतो. कलमे साधारण दहा बाय दहा मीटरवर लावतात, म्हणजे एका झाडाला जवळजवळ एक गुंठा. दहा गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट म्हणजे दहा झाडे. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन फळाला मिळते, वाडीच्या जमिनीला संरक्षण देत नाही.

तेव्हा उंच इमारत ही वाडीची शत्रू नाही, असे म्हणावे काय? प्रत्यक्षात मोकळी सुटलेली जमीन वाडी म्हणून राहत नाही. तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसतात, मोटारी उभ्या राहतात, कोपऱ्यात सेप्टिक टँक येतो. झाडे तोडल्याचा दाखला आणि नवी लावल्याची हमी फाइलमध्ये असते. मुळांना लागणारी उघडी माती आणि विहिरीचे पाणी जागेवर नसते. म्हणून एफएसआय आणि उंची या दोन आकड्यांच्या जोडीला तिसरा आकडा परवान्यात हवा: न झाकलेली, पाणी मुरू देणारी जमीन किती चौरस मीटर. तो असेल तर पाच मजलेही सुसह्य ठरू शकतात. तो नसेल तर दोन मजलेही वाडी संपवतात.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत्या थरासारखे राहते. विहिरीने ते हळूहळू काढले तर थर टिकतो, कूपनलिकेला पंप लावून उपसले तर खालून खारे पाणी वर येते. 1991 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 200 मीटरांत भूजल उपशावर बंधने घातली ती यासाठी. वीस सदनिकांची इमारत एका घराच्या विहिरीवर उभी राहिली तर तिचा परिणाम शेजारच्या वाडीतल्या झाडांवर दिसतो, आणि त्या झाडांचा मालक उंचीविरुद्ध अर्ज करतो. त्याची तक्रार पाण्याची असते. कायद्यात सोयीचा शब्द मजल्याचा असतो. मच्छीमार वस्तीचेही असेच. बोंबील वाळवायची जागा, होडी ओढायची वाट आणि समुद्रावर जायचा पाय-रस्ता बंद होणे हे खरे दुखणे असते. कुंपण घातलेला एकमजली रिसॉर्ट त्या बाबतीत सहा मजली इमारतीपेक्षा वाईट ठरू शकतो.

भूकंपाचा मुद्दा डहाणू-तलासरीत पुस्तकी राहिलेला नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. 1 फेब्रुवारी 2019 रोजी त्यातला एक धक्का 4 रिश्टरच्या वर गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे यंत्रे बसवली. उथळ, जवळचे धक्के जलद कंपनांचे असतात. ते बैठ्या, जड भिंतींच्या घरांना आधी तडे देतात, म्हणून आजवरचा त्रास आदिवासी पाड्यांनी सोसला. चार-पाच मजली इमारतींना धोका वेगळ्या प्रकारचा. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत कोसळलेल्या अनेक इमारती स्टिल्टवर, म्हणजे खाली नुसते खांब ठेवून उभारलेल्या होत्या. डहाणूत आज मागणी आहे ती याच नमुन्याची: खाली गाड्या, वर चार मजले. राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटर आणि त्यावरच्या इमारतीला उंच इमारत मानते. त्या आकड्याच्या जेमतेम खाली थांबणारे नकाशे का निघतात, हे वास्तुविशारद-अभियंत्यांच्या या परिषदेत कुणाला सांगण्याची गरज नाही.

मुंबईने या वादांची किंमत आधी मोजली आहे. भुलाभाई देसाई रस्त्यावरील ‘प्रतिभा’ या 36 मजली इमारतीचे वरचे आठ मजले पाडण्याचा आदेश महापालिकेने दिला आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीला दिलासा नाकारला. कुलाब्याच्या ‘आदर्श’ची 31 मजली इमारत सीआरझेडच्या मंजुरीशिवाय झाल्याचे सांगून पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2011 मध्ये, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2016 मध्ये ती पाडण्यास सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पण डहाणूला आरसा मुंबईचा नको, वसईचा हवा. तीच रेल्वे, तशाच वाड्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’चे आंदोलन उभे राहिले आणि काही पट्टे वाचले, नालासोपारा-विरारमध्ये मात्र परवाना नसलेल्या इमारतींची शहरे झाली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नालासोपाऱ्यातील 41 इमारती 2025 च्या आरंभापर्यंत पाडल्या गेल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विरारला एक अनधिकृत इमारत कोसळून 17 जण दगावले. उंचीची मर्यादा कडक आणि देखरेख ढिली असेल तर गरिबाच्या वाट्याला हेच येते.

डहाणूला देखरेखीची स्वतंत्र यंत्रणा मिळाली होती. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 1996 रोजी दिलेल्या आदेशानंतर डिसेंबर 1996 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, ते 3 जानेवारी 2019 रोजी निवर्तले तोपर्यंत. प्राधिकरणाची कीर्ती औष्णिक वीजकेंद्र आणि बंदर यांवरील निर्णयांमुळे झाली. डहाणूच्या खाडीकाठी 500 मेगावॅटचे ते केंद्र आहे आणि त्याची चिमणी 275 मीटर उंच आहे. नऊ मीटरांवरून घरमालकाला नोटीस काढणाऱ्या तालुक्यात ती रोज दिसते, आणि नियम कुणासाठी असतात याविषयीच्या स्थानिक चर्चेला तिचा मोठा आधार आहे.

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 मध्ये आली, तेव्हा केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रे तिच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. त्यामुळे वसई-विरारमध्ये प्रीमियम भरून मिळणारा वाढीव एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, डहाणूत त्याच रीतीने मिळत नाही. ही सवलत डहाणूला द्यावी अशी मागणी वाढणार, हे उघड आहे. त्याचे कारण बंदर. तालुक्यातील वाढवण येथील या बंदराला प्राधिकरणाने 1998 मध्ये नकार दिला होता. 31 जुलै 2023 रोजी सशर्त मंजुरी दिली. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 76 हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झाली. ‘चौथी मुंबई’ हे शब्द आता भाषणांत आहेत. 2011 मध्ये नगरपरिषद हद्दीत जेमतेम पन्नास हजार माणसे होती. बंदराची वस्ती येईल तेव्हा एकेका प्लॉटच्या परवान्याने उंची ठरवत बसायला सवड मिळणार नाही.

म्हणून उंचीचा नकाशा आधी हवा, आणि तो वस्तीनिहाय हवा. किनाऱ्यालगत वळचणीपर्यंत मोजलेले दोन मजले पुरेत. स्थानकाच्या अंगाला, जेथे पाणी व सांडपाण्याची व्यवस्था नगरपरिषद खरोखर देऊ शकते, तेथे पाच मजल्यांना हरकत घेणे हट्टाचे ठरेल. मात्र स्टिल्टचे खांब भूकंपाच्या मानकानुसार तपासलेले असावेत. वाड्यांच्या मधल्या पट्ट्यात मजल्यांआधी उघड्या जमिनीचा आकडा ठरावा. यांतल्या बऱ्याच गोष्टींना शासनाची मंजुरी लागेल. एका गोष्टीला लागत नाही. नकाशावर सही करणाऱ्या वास्तुविशारदाने आणि अभियंत्याने भरावापूर्वीची जमीन, जोते आणि इमारतीचा टाकीसह सर्वांत उंच बिंदू या तिन्हींची समुद्रसपाटीपासूनची पातळी मीटरमध्ये लिहावी, आणि सहीखाली मोजणीची तारीख टाकावी. या परिषदेने तसा ठराव करावा आणि सभासदांनी डहाणू नगरपरिषदेकडे जाणाऱ्या पुढच्याच नकाशापासून तो पाळावा.