मैदान कोणाच्या दारात?

(अल्लीपूर, जि. वर्धा येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहरात कृत्रिम हिरवळीची नवी मैदाने कोठे अंथरावीत, हा विषय अल्लीपुरात चर्चेला घेण्याचे प्रयोजन काय, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. येथील शेतकऱ्याच्या घरी कापसाच्या भावाची विवंचना आहे, शेतमजुराच्या घरी कामाच्या दिवसांची. त्यात टर्फचा प्रश्न कोठून आला? परंतु सार्वजनिक पैशाने उभी राहणारी वस्तू कोठे ठेवली जाते, यावरूनच ती कोणाची हे ठरत असते. धरण कोठे बांधले आणि पाट कोठवर नेला, यावरून कोणाचे पीक भिजणार हे ठरते. मैदानाचेही तसेच आहे. ते हिंगणघाटला होवो, वर्ध्याला होवो वा नागपूरला, ज्या तिजोरीतून त्याचा खर्च होतो ती अल्लीपूरच्या माणसाने खतापासून साबणापर्यंतच्या खरेदीवर भरलेल्या करानेही भरत असते. म्हणून जागेची निवड हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नसून वाटपाचा प्रश्न आहे.

खेळाची जमीन बदलली की खेळणारा वर्गही बदलतो, हा गेल्या अर्धशतकाचा अनुभव आहे. १९६६ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे छपराखालच्या क्रीडागारात गवत जगेना, म्हणून तेथे नायलॉनची हिरवळ अंथरण्यात आली. दहा वर्षांनी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, हॉकी प्रथमच अशा पृष्ठभागावर खेळली गेली. आदल्याच वर्षी क्वालालंपूर येथे विश्वचषक जिंकणारा भारत तेथे सातव्या क्रमांकावर गेला. त्या पराभवास अन्य कारणेही होती. १९८० साली मॉस्कोत सुवर्णपदक मिळाले, पण अनेक बलाढ्य संघ त्या स्पर्धेवर बहिष्कार घालून दूर राहिले होते. त्यानंतरचे हॉकीपदक मिळण्यास २०२१ साल उजाडावे लागले. ज्या देशातील मुले मातीवर हॉकी शिकत होती, त्या देशाला खेळाचे नियम सांभाळूनही जमीन मात्र गमवावी लागली.

कुस्तीची कथा वेगळी नाही. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर उतरावे लागले आणि सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. चार वर्षांच्या सरावानंतर १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले. अलीकडे कबड्डीही मातीवरून गादीवर गेली आणि २०१४ पासून व्यावसायिक साखळी स्पर्धांनी तीच जमीन रूढ केली. तेव्हा 'आम्हांला टर्फ नको, माती बरी' ही भूमिका भावनेला रुचणारी असली तरी गरिबाच्या मुलाच्या हिताची नाही. निवडचाचणी ज्या जमिनीवर होते, त्या जमिनीवर सरावाचा हक्क त्यालाही हवा. प्रश्न टर्फ असावे की नसावे हा नाही; ते कोठे असावे, कोणत्या अटींवर असावे, हा आहे.

जागा निवडण्यापूर्वी या वस्तूचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. टर्फ ही एकदा खर्च करून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. तिचे आयुष्य साधारणपणे आठ ते दहा वर्षांचे. ते संपले की वरचा थर काढून नवा टाकावा लागतो आणि काढलेल्या प्लॅस्टिकची विल्हेवाट लावावी लागते. अशा मैदानांत भराव म्हणून वापरल्या जाणाऱ्या रबर-प्लॅस्टिकच्या बारीक कणांच्या विक्रीवर युरोपीय संघाने २०२३ साली बंदीचा निर्णय घेतला आणि त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. तेथे नाकारलेला माल येथे स्वस्त म्हणून येणार नाही, याची दक्षता आतापासूनच घ्यावी लागेल.

पाण्याचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब व ५५ मीटर रुंद असते आणि रूढ पद्धतीच्या टर्फवर सामन्यापूर्वी हजारो लिटर पाणी शिंपडावे लागते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दररोज दरडोई ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. म्हणजे ११,००० लिटर पाणी हे २०० माणसांचे एका दिवसाचे पाणी होय. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. खेळाचे पाणी आणि पिण्याचे पाणी एकाच स्रोतातून येते, हे त्या वर्षी सर्वांच्या लक्षात आले. म्हणून जेथे शुद्ध केलेले सांडपाणी उपलब्ध होऊ शकते, तेथेच पाणी लागणाऱ्या टर्फचा विचार व्हावा. एरवी कोरड्या प्रकारच्या टर्फचा आग्रह धरावा.

उन्हाचाही विचार झाला पाहिजे. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली झालेल्या मोजणीत दिवसभराचे सरासरी तापमान गवतावर सुमारे २६ अंश, तर कृत्रिम हिरवळीवर सुमारे ४७ अंश आढळले. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात हवेचाच पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी भर दुपारी टर्फवर मुलांना उतरविणे हा गुन्हाच ठरेल. म्हणजे येथील टर्फ पहाटे आणि दिवे लावून सायंकाळीच वापरता येणार. मग जी जागा सायंकाळनंतर मुलींना सुरक्षितपणे गाठता येत नाही, ती निम्म्या लोकसंख्येसाठी नसल्यातच जमा झाली.

टर्फचा एकमेव आर्थिक फायदा असा की, गवत जितके तास खेळ सोसते त्याच्या कितीतरी अधिक तास ते सोसते आणि पावसाळ्यातही चालते. याचा अर्थ, भरपूर वापर झाला तरच त्याचा खर्च न्याय्य ठरतो. भरपूर वापर कोठे होईल? जेथे मुले आधीच खेळत आहेत तेथे. हा साधा नियम नियोजनकर्ते वारंवार विसरतात. पुण्याजवळच्या बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले. मोकळी जमीन शहराच्या कडेला होती म्हणून संकुल कडेला गेले. स्पर्धेसाठी ती सोय होती. पण पेठांतल्या किंवा खडकीच्या मुलासाठी रोजचा सराव म्हणजे रोजचा प्रवास. त्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले मातीच्या मैदानावर, मोडक्या काठ्यांनी हॉकी शिकले. त्यांना घडविणारे मैदान घरापासून पायी अंतरावर होते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

याउलट उदाहरणेही आहेत. मुंबईचे हॉकी मैदान चर्चगेट स्थानकालगत असल्यामुळे दूरच्या उपनगरातील मुलालाही लोकलच्या पासावर तेथे पोहोचता येते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने हॉकीचे कृत्रिम मैदान नेहरूनगरला, कारखान्यांच्या आणि कामगार वस्तीच्या शेजारी केले. सर्वांत बोधप्रद उदाहरण ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्याचे. तेथील आदिवासी गावांत बोकडाच्या बक्षिसासाठी हॉकीचे सामने रंगतात. दिलीप तिर्की त्याच जिल्ह्याचे. तेथील सरकारने जिल्ह्याच्या सतराही विकासगटांत कृत्रिम मैदाने करण्याची योजना हाती घेतली. खेळाडूने मैदानाकडे जावे अशी अपेक्षा न धरता तेथे मैदान खेळाडूकडे गेले. नियोजनाचे समाजवादी तत्त्व याहून वेगळे नाही.

मग आपल्या शहरांत जागा चुकतात का? केवळ अधिकाऱ्यांच्या अज्ञानामुळे नव्हे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी जमीन आरक्षित होते. परंतु दहा वर्षांत ती संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरची मुदतही उलटली की आरक्षण रद्द होते. दाट वस्तीतील जमीन महाग, तेथे संपादनाला पैसा नसतो. आरक्षणे गळून पडतात आणि शेवटी जे हाती उरते ते दूरचे माळरान. गरज जेथे अधिक तेथे मैदान नाही, आणि मैदान जेथे आहे तेथे फ्लॅटची किंमत वाढते. सार्वजनिक खर्चाचा लाभ अशा रीतीने खाजगी जमीनमालकाच्या पदरात पडतो.

दुसरा धोका जागेचा नसून किल्लीचा आहे. १८८१ च्या सुमारास मुंबईच्या मैदानावर गोऱ्यांचे पोलोचे घोडे देशी क्रिकेटपटूंची खेळपट्टी तुडवीत होते आणि त्या क्रिकेटपटूंना सरकारकडे अर्ज करावे लागले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली तो लढा ग्रंथबद्ध केला. जमीन सर्वांची, वापर मात्र थोड्यांचा, हे चित्र तेव्हापासूनचे आहे. आज घोड्यांची जागा ताशी भाड्याने घेतली आहे. शहरांतील खाजगी टर्फचे एका तासाचे भाडे शेतमजुराच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षा सहसा अधिकच असते. सार्वजनिक टर्फ देखभालीच्या नावाखाली ठेकेदाराकडे गेले की तेही त्याच वाटेने जाते. 'शुल्क घेतले नाही तर देखभाल कशी होणार?' हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर अंदाजपत्रकात आहे. नव्या थराचा खर्च पहिल्याच दिवसापासून दरवर्षी बाजूला ठेवावा. कंपन्यांना व श्रीमंत मंडळांना रात्रीचे तास पूर्ण भाड्याने द्यावेत. सकाळ शाळांची आणि संध्याकाळचे पहिले तास वस्तीतील मुलामुलींचे, विनाशुल्क, असा नियम फलकावर लिहून लावावा.

हिंगणघाट तालुक्यासाठी यातून काही गोष्टी सरळ निघतात. येथील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टर्फ अंथरले तर दोन पावसाळ्यांत ते वर-खाली होईल. माती खोलवर काढून मुरूम-खडीचा पाया घालणे भाग आहे आणि तो खर्च अंदाजपत्रकात आहे की नाही, हे कार्यकर्त्यांनी प्रथम तपासावे. जागा एस.टी.च्या थांब्यापासून पायी अंतरावर हवी. सोयाबीनच्या सवंगणीपासून कापसाच्या उलंगवाडीपर्यंत ज्या मुली आईबरोबर शेतात जातात, त्यांना दिवेलागणीला खेळून परतता आले पाहिजे. मैदानावर स्वच्छतागृह हवे. आणि जेथे गावात वा मोहल्ल्यात एकच मातीचे मैदान आहे, ते उखडून त्यावर टर्फ घालण्यास ठाम विरोध केला पाहिजे. कारण टर्फला कुंपण येते, कुंपणाला कुलूप येते आणि विटीदांडूची, पोळ्याची, जत्रेची जागा कायमची जाते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश राज्यांना दिले. गावातील ई-क्लास जमिनीची नोंद काढून मुलांच्या मैदानाची मागणी ग्रामसभेत ठरावाने मांडणे, हे काम उद्यापासून सुरू करता येण्याजोगे आहे.

जागा ठरविणाऱ्या समितीपुढे नकाशा असतो. त्यावर रस्ते असतात, सर्व्हे क्रमांक असतात, मुले नसतात. कार्यकर्त्यांनी आठवडाभर संध्याकाळी फिरून कोणत्या वस्तीत किती मुले, किती मुली, कोणत्या जागी खेळतात, याची नोंद करावी आणि ती त्या नकाशावर चढवून समितीसमोर ठेवावी. त्या नोंदीपुढे जमिनीच्या दलालाचा सोयीचा युक्तिवाद टिकणे कठीण आहे. मैदान लोकांच्या दारात यायचे असेल, तर लोकांची मोजणी आधी मैदानावरच झाली पाहिजे.