पहिलं ग्लायडर निवडताना

रत्नागिरीत रिमोटवरचं ग्लायडर उडवायला शिकायचं, तर निवड आपल्या सड्यांकडे बघूनच करावी. जांभ्याचा खडबडीत कातळ बाल्सा लाकडाच्या नाजूक पंखांची एका उतरणीत वाट लावतो. म्हणून पहिलं ग्लायडर ईपीपी नावाच्या लवचिक फोमचं घ्या. आपटलं तरी ते दबतं, सहसा तुटत नाही. चिरलंच तर चिकटवता येतं.

पंखांचा विस्तार साधारण दीड मीटर आणि टोकं किंचित वर उचललेली असावीत. असे पंख कललेलं ग्लायडर बऱ्याच अंशी आपोआप सावरतात. नियंत्रणं दोनच पुरेत: शेपटीचं रडर आणि एलेव्हेटर. पंखाचं टोक धरून, गिरकी घेऊन थाळीसारखी फेकायची कार्बन फायबरची ग्लायडर्स फार देखणी असतात, चांगली उंचही जातात. पण ती हात बसल्यावर घ्या.

उडवण्याआधी दोन्ही पंखांखाली एकेक बोट टेकवून तोल बघा. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर ग्लायडर आडवं राहिलं पाहिजे. नेमकी जागा माहितीपत्रकात दिलेली असते. शेपूट खाली जात असेल, तर नाकात थोडं शिसं घाला. मग वाऱ्याकडे तोंड करून सरळ समोर सोडा, वर भिरकावू नका.

दुपारचा खारा वारा नवशिक्याला झेपत नाही. सकाळी, वारा पडलेला असताना, गवताळ मोकळं मैदान गाठा. मिरजोळ्याच्या विमानतळाच्या आसपास मात्र उडवू नका, आणि कुठेही जाण्याआधी सरकारचा ड्रोनसाठीचा हवाई नकाशा जरूर तपासा.