पिसं हवी असतील तर अंडी विसरा

आजचा विषय कोंबडी. गावरान नाही, बॉयलरही नाही. लेअर. म्हणजे पिंजऱ्यात उभं राहून आपल्याला अंडी पुरवणारी, आणि साधारण 72 ते 80 आठवड्यांची झाली की टेम्पोत चढवली जाणारी. तोवर अंडी कमी होतात, खाद्याचा खर्च निघत नाही, शेड रिकामी करतात. इतका साधा हिशोब आहे.

मी अशा सहा आणल्या. "सोडवल्या" म्हणायला जीभ जरा अडखळते, कारण पैसे मोजून आणल्या, आणि विकणाऱ्याच्या दृष्टीने मी आणखी एक गिऱ्हाईक. असो.

दिसायला कशा? मान उघडी, पाठ उघडी, शेपटीच्या जागी नुसत्या काड्या. तुरा फिका पडून एका बाजूला लोळलेला. नखं लांब, कारण उकरायला माती कधी मिळालीच नाही. चोचीचं टोक कापलेलं. एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा येते, त्यात तारेला घासून घासून पिसं जातात आणि उरलेली शेजारणी टोचून काढतात.

सगळे पहिला प्रश्न विचारतात, पिसं येण्यासाठी काय लावायचं? तर काहीच लावायचं नाही. पीस आतून येतं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, आपल्या केसा-नखांत असतं तसलं. आणि अंड्यालाही प्रथिनच लागतं. शरीर एक, मागणारे दोन. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. ही तीनशे घालते. एका कवचात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, त्यातलं बरंचसं ती रात्री स्वतःच्या हाडांतून काढते. मग पिसांसाठी उरणार काय?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पिसं हवी असतील तर अंडी विसरा. आणि याची सुरुवात होते बल्बपासून. शेडमध्ये सोळा-सोळा तास उजेड ठेवतात, कारण उजेड लांबला की अंडी चालू राहतात. आपल्याकडे दिवस अकरा ते तेरा तासांचा. खुराड्यातला बल्ब काढला की काही आठवड्यांत अंडी मंदावतात आणि उरलीसुरली पिसंही झडतात. घाबरू नका. हे व्हायलाच हवं. मोडक्या पिसाची काडी कातडीत रुतलेली असते, ती गळून पडल्याशिवाय तिथे नवीन पीस उगवतच नाही.

मग अंगावर बारीक काटे दिसायला लागतात, कोंबडी अगदी साळिंदरासारखी दिसते. या काट्यांत रक्त असतं. हात लागला तर दुखतं, मोडला तर रक्त येतं. त्या दिवसांत उचलून घेणं, फोटो काढणं बंद. पूर्ण पिसं यायला दोन-तीन महिने लागतात.

माझ्या शेजारच्या काकू रोज कुंपणावरून विचारायच्या, "अगं, अंडी देत नाहीत तर पोसतेस कशाला?" काय सांगणार! मी म्हणायचे, "काकू, सुट्टीवर आहेत."

आता खाणं. आपल्याकडे कोंबडीला शिळा भात, पोळीचे तुकडे टाकायची सवय. पोट भरतं, पण पिसांना त्यातून फारसं काही मिळत नाही. सुरुवातीला लेअर मॅशच द्या, तिला तेवढंच ओळखीचं असतं. त्यात साधारण 16 ते 18 टक्के प्रथिनं असतात. जोडीला उकडलेलं अंडं कुस्करून किंवा थोडी सोयापेंड. कच्चं सोयाबीन मात्र नको, ते पचत नाही. सुकट द्यायची तर बिनमिठाची. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाईल. आणि पाणी! या कोंबड्या निपलमधून थेंब थेंब पाणी प्यायलेल्या असतात. समोरचं भांडं पाण्याचं आहे हे काहींना कळतच नाही. पहिल्या दिवशी चोच हलकेच बुडवून दाखवा.

हाडं ठिसूळ असतात, छातीचं हाड तर अनेकींचं आधीच मोडून जुळलेलं असतं. बसायची काठी जमिनीपासून वीतभर उंचीवर, बस. उघड्या कातडीला ऊन भाजतं, म्हणून सावली हवी. पावसात कोरडी जागा हवी. लाल कातडी दिसली की बाकीच्या टोचतात, तिथे रक्त आलं तर तिला लगेच वेगळी करा. आणि कोरडी माती नि चुलीतली राख एका घमेल्यात ठेवा. मातीत लोळणं तिने जन्मात केलेलं नसतं, पण कुणी शिकवावं लागत नाही.

परदेशात अशा कोंबड्यांना लोकरीचे स्वेटर घालतात, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. गोड दिसतात. पण स्वेटरखाली चोचीने पिसं नीट करता येत नाहीत, नवे काटे घासतात, उवांना आयतं घर मिळतं. आपल्या हवेत तर विचारूच नका.

एक गोष्ट रीलमध्ये येत नाही, ती सांगते. सहापैकी एक दुसऱ्या महिन्यात गेली. पिसं छान आली होती. मग पोट फुगलं, पेंग्विनसारखी उभी राहायला लागली, खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, अंड्याचा बलक पोटात सांडून आत संसर्ग झालाय. इतकी अंडी घातलेल्या कोंबड्यांत हे खूप होतं. आपण सगळं नीट केलं तरी होतं. म्हणून पोट कडक लागलं, कोंबडी कोपऱ्यात मान आखडून बसली, की घरगुती उपाय करत बसू नका, सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

घरी आधीच्या गावरान कोंबड्या असतील तर नव्यांना तीन-चार आठवडे लांब ठेवा, भांडीसुद्धा वेगळी. आणि घरच्यांना मानमोडीची लस दिली आहे ना, ते तपासा.

उरलेल्या पाचजणी सध्या आंब्याखालचा पाचोळा उकरत असतात. दोघी मधूनमधून अंडं देतात, तिघी देत नाहीत. पुढच्या भागात खुराड्याच्या जाळीबद्दल बोलू, कारण आमच्याकडे एक मुंगूस यायला लागलंय.