पुस्तक मिटून केलेला अभ्यास

(रेडिओवरून दिलेलें भाषण)



परीक्षा जवळ आल्या कीं आपल्या घरांतून एक देखावा हटकून दिसतो. मूल पुस्तक उघडून बसलेलें असतें, मोठ्यानें वाचन चाललेलें असतें, आणि आंतून आई समाधानानें म्हणते, "आज अभ्यास चांगला चालला आहे हो!" ह्या समाधानाविषयीं मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी कांहीं विद्वान नव्हें. मॅट्रिक झालों, शिक्षकाचें शिक्षण घेतलें आणि छत्तीस वर्षें मुलांना शिकवून निवृत्त झालों, एवढाच माझा अधिकार. परंतु त्या छत्तीस वर्षांत जी एक चूक माझ्या हातून वारंवार घडली, ती सांगण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणाला असणार?

सन 1988 ची गोष्ट. इयत्ता चौथीच्या माझ्या वर्गांत एक मुलगा होता. स्वभावानें शांत व आज्ञाधारक. वडील मोलमजुरी करीत. पुरंदरच्या तहाचा धडा मीं शिकविला आणि दुसऱ्या दिवशीं त्याला उभें करून विचारलें, "तहांत महाराजांनीं किती किल्ले दिले?" मुलगा आढ्याकडे पाहूं लागला. ओठ हलले, पण शब्द फुटेना. "धडा वाचलास का?" "होय गुरुजी, दहा वेळां वाचला." मला तें खरें वाटलें नाहीं. मीं म्हटलें, "खालीं बैस, पुस्तक उघड आणि आणखी पांच वेळां वाच." तो मुकाट्यानें वाचीत बसला. वर्षभर हेंच चाललें. वार्षिक परीक्षेंत तो नापास झाला, आणि पुढल्या जूनमध्यें हजेरीपटावर त्याचें नांव नव्हतें. तो खोटें बोलत नव्हता, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. धडा त्यानें खरोखरच दहा वेळां वाचला होता. पुस्तक मिटून तो आठवून पाहावा, असें मात्र त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. तें सांगणें माझें काम होतें.

दहा वेळां वाचलेलें आठवत नाहीं, हें कसें? एक साधा दाखला घ्या. परक्या शहरांत आपण कोणाच्या तरी मागोमाग एखाद्या घरीं पांचसहा वेळां जातों. वाटेंतील पिंपळ, पाणपोई, पिठाची गिरणी, सारें ओळखीचें होतें. पण एके दिवशीं एकट्यानें जाण्याची पाळी आली कीं पहिल्याच वळणावर पाय अडखळतात. ओळखणें निराळें आणि आठवणें निराळें. उघड्या पुस्तकांतील ओळ दहाव्यांदा वाचतांना ती ओळखीची वाटते, आणि "मला हें येतें" असा भ्रम होतो. परीक्षेंत मात्र पुस्तक समोर नसतें. तेथें वाट एकट्यानेंच चालावयाची असते.

हा केवळ एका म्हाताऱ्या मास्तराचा तर्क नव्हे. सन 1885 मध्यें हेर्मान एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून विस्मरणाचें मोजमाप केलें. पाठ केलेल्यापैकीं पुष्कळसें पहिल्या दिवसांतच निसटतें आणि पुढची गळती मंद होत जाते, असें त्याला आढळलें. सन 1917 मध्यें अमेरिकेंत आर्थर गेट्स ह्यांनीं शाळेंतील मुलांवर प्रयोग केले. नुसतें वाचीत राहण्यापेक्षां बराचसा वेळ न पाहतां म्हणून पाहण्यांत घालविणें अधिक फलदायी ठरतें, असें त्यांतून दिसलें.

पण मला सर्वांत बोधप्रद वाटला तो सन 2006 मध्यें प्रसिद्ध झालेला रोडिगर आणि कार्पिकी ह्या दोघांचा प्रयोग. त्यांनीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानें तो वाचनाच्या चारहि बैठकींत वाचलाच. दुसऱ्या गटानें एकाच बैठकींत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकींत आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारे पुढें होते: त्यांना शेंकडा 83 आठवलें, लिहिणाऱ्यांना 71. मात्र ज्यांची परीक्षा आठवड्यानें झाली, त्यांच्यांत पारडें फिरलें. वाचणाऱ्यांजवळ शेंकडा 40 उरलें होतें, लिहिणाऱ्यांजवळ 61. आणि मौज अशी कीं, आपल्याला अधिक लक्षांत राहील असा भरंवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता!

आपल्याकडे जुन्या घरांतून दिवेलागणीला मुलांकडून परवचा म्हणवून घेत. पाढे, पावकी, निमकी, सारें न पाहतां म्हणावयाचें. त्या वळणांत हेंच शहाणपण होतें. तथापि त्यांतहि एक खोंच आहे. "बारा साते किती?" असें आडवें विचारल्यावर जो मुलगा "बारा एके बारा" पासून सुरुवात करतो, त्याला चाल पाठ असते, पाढा नव्हे. म्हणून क्रमानें म्हणवून घेतल्यावर आडवें विचारलेंच पाहिजे. घोकंपट्टी आणि आठवण ह्यांतील भेद येथें आहे.

आतां पद्धति सांगतों. पुरंदरच्या तहाचाच धडा घ्या. प्रथम तो समजून एकदां वाचावा. न समजलेलें आठवूं जाणें व्यर्थ होय. मग पुस्तक मिटावें आणि कोरा कागद घेऊन स्वतःला विचारावें: तह कोणत्या सालीं झाला? कोणाशीं? कां करावा लागला? किती किल्ले दिले, किती राखले? पुढें काय घडलें? सुचेल तें लिहावें. आठवलें नाहीं तर लगेच पुस्तकाकडे धांवूं नये. थोडा वेळ मनाला शोधूं द्यावें. नंतर पुस्तक उघडून ताडून पाहावें. साल 1665, मिर्झाराजे जयसिंगांशीं, पुरंदरला वेढा पडला, मुरारबाजी धारातीर्थीं पडले, 23 किल्ले दिले, 12 राखले, पुढल्या वर्षीं आग्र्याची भेट. जें चुकलें त्याखालीं रेघ ओढावी आणि तेवढेंच पुन्हां वाचावें. ही तपासणी टाळूं नये, नाहीं तर चूकच पक्की होऊन बसते. दुसऱ्या दिवशीं, मग तीनचार दिवसांनीं, मग आठवड्यानें, तोच धडा पुस्तक मिटून पुन्हां आठवावा. दर वेळीं थोडें कष्ट पडतील, पडावेतच. चढ चढल्यावांचून पायांत बळ येत नाहीं.

आईबापांना एक विनंति आहे. "अभ्यास झाला का?" असें विचारूं नका, त्याचें उत्तर नेहमीं "झाला" असेंच येतें. "पुस्तक मिट आणि काय वाचलेंस तें मला सांग," असें म्हणा. ह्याला शिकवणी लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. ऐकणाऱ्याला तो विषय आलाच पाहिजे असेंहि नाहीं. माझी नात रोज रात्रीं आपल्या आजीला विज्ञानाचा धडा सांगते. आजीला त्यांतलें फारसें कळत नाहीं. पण "असें कां गं होतें?" एवढें ती विचारते, आणि नातीला विचार करावा लागतो.

शेवटीं एकच. सांगतां सांगतां मूल थांबलें, वर पाहूं लागलें, तर रागावूं नका आणि घाईनें उत्तरहि सुचवूं नका. तें रिकामें बसलेलें नसतें. आंत शोध चाललेला असतो. तो मुलगा आढ्याकडे पाहत उभा होता, तेव्हां त्याचा खरा अभ्यास नुकताच सुरू झाला होता. मीं त्याला अर्ध्या मिनिटाचा अवधि दिला नाहीं. पुस्तक उघडावयास लावलें. तें अर्धें मिनिट आज मला कोणी परत देणार नाहीं. आपल्या घरांतील मुलाला मात्र तें आपण आज रात्रींच देऊं शकतां.