रंगांचा शेजारधर्म

रंगांविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे दाखवायला हाताशी काहीच नाही. तेव्हा तुमच्या पाहण्यातलं एक चित्र आठवू या. एका हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हातानं ज्योतीला आडोसा करणारी स्त्री. बोटांच्या फटींतून उजेड पाझरतोय. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्या चित्राचं नाव. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं. प्रत्यक्षात ते सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. १९४५-४६च्या सुमाराचं. आज ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

हे चित्र जलरंगातलं आहे, आणि खरी कसोटी तिथंच आहे. तैलरंगात फिकट छटा हवी असली, की रंगात पांढरा मिसळतात. पारदर्शक जलरंगात पाणी वाढवायचं. पांढऱ्याचं काम खालचा कागद करतो. म्हणजे ज्योत कितीही तेजस्वी दाखवायची म्हटली, तरी कोऱ्या कागदाहून जास्त उजेड चित्रकाराजवळ नसतोच. मग दिवा पेटतो कसा? भोवतीचा अंधार पायरी-पायरीनं गडद करत नेल्यामुळे.

आता गडद करायचं म्हणजे सरळ काळा घालायचा, असं आपण शाळेत करायचो. घरी पोस्टर कलर असतील तर पिवळ्यात थेंबभर काळा घालून पाहा. पिवळा शेवाळी हिरवा होऊन बसेल! म्हणून जाणकार चित्रकार रंगचक्राकडे वळतो. लाल, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग. त्यांच्या मधल्या जागांत नारिंगी, हिरवा आणि जांभळा. या चक्रात लालासमोर हिरवा येतो, पिवळ्यासमोर जांभळा, निळ्यासमोर नारिंगी. समोरचा रंग किंचित मिसळला, की मूळ रंगाचा भडकपणा उतरतो. तोच न मिसळता शेजारी लावला, की दोघेही खुलतात.

हा शेजारधर्म नीट तपासला तो मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात भिंतीवर टांगायची चित्रं विणली जात, आणि तिथल्या रंगाईची जबाबदारी त्याच्याकडे होती. काळं सूत पुरेसं काळं दिसत नाही, अशी तक्रार आली. त्यानं सूत तपासलं. रंग पक्का होता. दोष निघाला शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा! त्यांच्यालगत काळा फिका पडत होता. या अभ्यासावरचा त्याचा ग्रंथ १८३९ साली निघाला, आणि पुढं फ्रान्समधल्या चित्रकारांनी त्याचे धडे गिरवले.

तुम्हालाही हे घरबसल्या पाहता येईल. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक लाल कागदाच्या मधोमध ठेवा, दुसरा हिरव्या कागदावर. थोडा वेळ टक लावून बघा. लालावरचा करडा हिरवट वाटू लागेल, हिरव्यावरचा तांबूस. दोन्ही तुकडे एकाच कागदाचे आहेत, हे मग स्वतःलाच बजावावं लागेल.